आठवडा लागेल

आमच्या मजल्यावर दोनच दारं. एक आमचं, एक घड्याळजींचं. मधली वाट इतकी चिंचोळी की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींचा चुना हाताला लागावा. त्यामुळे समोरच्या घरातलं सगळं मला कळतं यात माझा काही दोष नाही. दोष असलाच तर इमारत बांधणाऱ्याचा. आमची ही म्हणते, "बांधणाऱ्यानं तुम्हाला दाराला कान लावायला सांगितलं नव्हतं." तिचं सगळंच मनावर घ्यायचं नसतं.

घड्याळजींचं दुकान कोपऱ्यावर होतं. दुकान कसलं, जिन्याखालचा कोनाडा. एका डोळ्याला भिंग लावून त्यांनी तिथं उभा जन्म काढला, आणि डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केल्यावर टेबल उचलून घरी आले. टेबलाबरोबर दुकानही आलं. बाहेरच्या खोलीच्या भिंती घड्याळांनी भरल्या, प्रत्येकाची वेळ निराळी. त्या खोलीत उभं राहिलं की आपण सगळीकडेच उशिरा पोचलोय असं वाटतं. टेबलावर ओळीनं उपडे घातलेले काचेचे पेले. घड्याळ उघडलं की काढलेला भाग स्वच्छ फडक्यावर ठेवायचा आणि वर पेला उपडा घालायचा, म्हणजे धूळ बसत नाही आणि शिंक आली तरी उडत नाही. "उघडा ठेवलेला भाग म्हणजे हरवलेला भाग," हे त्यांचं एक वाक्य.

दुसरं वाक्य, "आठवडा लागेल."

कुठलंही घड्याळ न्या, साधा पट्टा बदलायचा असो, आठवडा लागेल. आठवड्यानं जा, तर घड्याळ खुंटीवर मजेत टिकटिकत असायचं. आपण हात पुढे केला की म्हणायचे, "अंहं. बघायला ठेवलंय. टिकतंय का ते बघायला नको?" बाकीचे लोक भांडून आपापली घड्याळं घेऊन जात. मी भांडखोर नाही. सासऱ्यांनी मला दिलेलं घड्याळ किती वर्षं त्यांच्याकडे बघायला ठेवलेलं आहे ते मी इथं लिहीत नाही, कारण आमची ही हे वाचणार आहे. एकदा मात्र मी खडसावून विचारलं, "घड्याळजी, अहो काटा फिरतोय, मला दिसतोय! अजून काय बघायचं?" त्या दिवशी ते जरा मोकळे होते. म्हणाले, "बरं झालेलं घड्याळ माणूस घेऊन जातो. आणि घड्याळ बरं झालेला माणूस परत कशाला फिरकतोय?"

मी म्हटलं, मी फिरकेन की.

"तुमचं घड्याळ माझ्याकडे आहे म्हणून फिरकता," ते म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो. म्हणजे मी जास्त हसलो.

त्यांची एकुलती एक मुलगी, हिच्याबद्दलच खरं तर लिहायला बसलोय. तिला मी कानसेन म्हणतो. ती मला काका म्हणते. माझ्यापेक्षा फार तर बारा वर्षांनी लहान असेल, त्यामुळे हे काका प्रेमापोटी नसून दुखवण्यासाठी असावं. कानसेन नाव पडलं ते असं: एक दिवस ती तिच्या स्वयंपाकघरातून ओरडली, "काकू, तुमच्या न्हाणीघरातला नळ ठिबकतोय!" आम्ही म्हटलं, काहीतरीच. जाऊन बघतो तर खरंच ठिबकत होता, तोही बादलीच्या कडेवर, अगदी चोरट्यासारखा.

याच कानांवर तिचं पोट. लांबलांबून बोलणी तिच्या कॉम्प्युटरवर येतात. डॉक्टरांनी सांगून ठेवलेले अहवाल, कचेऱ्यांमधल्या बैठका, कुणाकुणाच्या मुलाखती. हेडफोन घालून ती ऐकते आणि जसंच्या तसं टाइप करते. पायाखाली एक पेडल असतं, दाबलं की बोलणारा थांबतो. ("असलं पेडल घरात कुठे मिळतं का?" असं मी एकदा विचारलं. आमच्या हिला ते फार लागलं.) या मजल्यावरून कुठे न जाता ती जग हिंडून आलीय. मला सांगायची, "त्या कचेरीचं दार करकरतं, काका, आणि तिथले साहेब खोटं बोलायच्या आधी पाण्याचा घोट घेतात."

"गेली होतीस?"

"मी कुठे जाते? ऐकलंय."

कॉम्प्युटर आतल्या खोलीत. ती खोली म्हणजे कपाट आणि खाट यांच्यामधली फट. खुर्ची मागे सरकवायची तर दार बंद करावं लागतं, आणि दार उघडायचं तर खुर्चीवरच्या माणसाला आधी उठावं लागतं. खिडकी आहे, पण ती शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते; हात बाहेर काढला तर पलीकडच्या विटांवर टेकतो. हेडफोन घातला की ही खोली नाहीशी होते, असं ती म्हणायची. एक गोष्ट तेवढी होत नाही. घड्याळजींना काही हवं असलं की ते हाक मारत नाहीत, हातातल्या चिमट्यानं पेल्यावर टिचकी मारतात. टिंग. म्हणजे पाणी, किंवा चष्मा, किंवा काहीच नाही, नुसतं आहेस ना. जगातला कुठलाही आवाज हेडफोन अडवायचा, पण ते टिंग भिंतीतून, दारातून, कानावरच्या गादीतून तिच्यापर्यंत पोचायचंच. ती उठायची, दार उघडायची, जायची, यायची, दार लावायची, बसायची. दिवसभर.

स्थळंही आली होती तिला, पूर्वी. घड्याळजींनी सगळ्यांना बघायला ठेवलं.

तर अशा या कानसेनला एका संस्थेकडून विचारणा आली. दूरच्या शहरात म्हाताऱ्या माणसांच्या जुन्या मुलाखतींचा मोठा साठा होता, खराब झालेला, खरखरणारा. तो ऐकून उतरवून काढायला त्यांना चांगल्या कानाचं माणूस कायमचं हवं होतं. राहायला दोन खोल्याही देणार होते. अट एकच: एका ठरलेल्या दिवशी चार वाजता ते एक ध्वनिफीत लावणार, एकदाच, आणि जो ती तिथल्या तिथे उतरवील त्याला घेणार. परीक्षा तिच्याच कॉम्प्युटरवर. त्यांच्या माणसानं आठवडाभर आधी लांबूनच सगळं तपासून, तो कॉम्प्युटर नोंदवून ठेवला होता. दुसरा चालणार नव्हता आणि दुसरी वेळही मिळणार नव्हती.

"बाबांना घेऊन जाईन," ती आमच्या हिला म्हणाली. घड्याळजी म्हणाले, "माझं टेबल जिन्यावरून उतरत नाही."

"अहो, चढलं होतं की!" मी म्हटलं.

"चढलं तेव्हा धरायला माणसं होती."

संपलं. या घरात मोठी भांडणं होतच नाहीत. एक वाक्य ठेवतात आणि वर पेला उपडा घालतात.

परीक्षेच्या दिवशी दुपारी तिनं आमचं दार ठोठावलं. चेहरा पांढराफटक. "काका, जरा येता? आवाज गेला."

"बोलतेयस की."

"कॉम्प्युटरचा!"

मला बोलवायचं कारण असं की नोकरीत असताना आमच्या विभागात कॉम्प्युटरला हात लावणारा मी पहिला माणूस होतो. मी हात लावल्यावर तो बंद पडला होता, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही.

आतल्या खोलीत मी खाटेवर चढून बसलो, ती खुर्चीवर, आणि दार लावून घेतलं. नाहीतर आम्ही दोघं त्या खोलीत मावत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात कर्ण्याचं चिन्ह होतं आणि त्यावर लाल फुली. त्यावर टिचकी मारली की कॉम्प्युटर म्हणायचा, आवाजाचं कुठलंही साधन सापडलं नाही.

"सकाळी होता?"

"सकाळी होता. मग मी बाजारात जाऊन आले. आल्यापासून नाही."

तिनं कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. तो शहराच्या पार दुसऱ्या टोकाला कुणाचं तरी यंत्र उघडून बसला होता. संध्याकाळशिवाय येता येणार नाही म्हणाला. फोन तिनं मोठ्या आवाजावर टाकला. गंमत बघा, त्या खोलीत तेवढंच एक यंत्र बोलत होतं.

"रीस्टार्ट केलात, ताई?"

"चारदा."

"परत करा."

परत केला. कॉम्प्युटर चालू व्हायला जेवढा वेळ घेत होता तेवढ्या वेळात मी समोरच्या भिंतीतल्या विटा मोजल्या. फुली तशीच.

"डिव्हाइस मॅनेजर उघडा. त्या यादीत साउंड कार्डाच्या नावापुढे पिवळं चिन्ह आहे का?"

"चिन्ह नाही. नावच नाही."

"ड्रायव्हर परत टाका. मी दिलेली सीडी असेल."

सीडी घातली. यंत्र घुरघुरलं, निळी पट्टी अर्ध्यापर्यंत गेली, आणि पुन्हा तेच: साधन सापडलं नाही. "असेल की कुठेतरी, जाऊन जाऊन जाणार कुठे," मी धीर द्यायला म्हटलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की माझ्यासाठी पेडल असतं तर तिनं ते दाबलंच असतं.

"मग कार्ड सैल झालं असणार," फोन म्हणाला. "हेडफोनची पिन मागे कुठल्या भोकात आहे?"

हे बघायला टेबलाखाली शिरावं लागणार होतं. मी पोट आत घेऊन शिरलो. मोबाइलचा उजेड पाडला. "हिरव्या!" मी आतून ओरडलो.

"हिरवी दोन आहेत. वरचं जळकं आहे, त्यात लावून उपयोग नाही. कार्डाचं खाली."

खरंच होतं ते. मागे एकदा वीज जाऊन झटक्यानं आली तेव्हा कॉम्प्युटरचा मूळचा आवाज जळाला होता, आणि त्यानं खालच्या खाचेत एक वेगळं साउंड कार्ड बसवून दिलं होतं. तळहाताएवढी हिरवी पट्टी.

"पिन वरच्यात आहे," मी म्हटलं.

"काका, नीट बघा. मी खालीच लावते."

"अगं, खाली भोकच नाही. खाली नुसती पत्र्याची पट्टी आहे, स्क्रू मारलेली."

मग फोन चाचरत म्हणाला, "ताई, ती पट्टी तर मी कार्ड बसवताना काढून तुमच्या हातात दिली होती."

"ड्रॉवरमध्ये होती," ती हळूच म्हणाली. तिनं फोन ठेवला, आणि गुडघ्यावर बसून माझ्या शेजारी डोकं घातलं. "उजेड धरा."

यंत्राच्या पाठीवर कित्येक वर्षांची धूळ होती, मांजराच्या केसांसारखी. तेवढी पट्टी आणि तेवढा स्क्रू लख्ख पुसलेला. स्क्रूच्या डोक्यावर ओरखडा म्हणून नाही. आम्ही साधी माणसं स्क्रू लावतो तेव्हा निम्मं डोकं खाऊन टाकतो. ओरखडा न पाडता स्क्रू लावणारा हात या इमारतीत एकच आहे. मला हे कळलं, आणि मी गप्प राहिलो. आमच्या हिला हे खरं वाटत नाही.

मग आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. दुपारपासून एकदाही टिंग झालं नव्हतं.

ती उठली. मी खाटेवर पाय घेतले, तिनं खुर्ची सरकवली, दार उघडलं.

घड्याळजी आमच्याकडे पाठ करून टेबलाशी बसले होते. डोळ्याला भिंग, समोर एक उघडलेलं घड्याळ, पण दोन्ही हात मांडीवर. टेबलावर पेल्यांची ओळ, आणि ओळीच्या शेवटी एक मोठा काचेचा वाडगा उपडा घातलेला. तो वाडगा आमचा. आमची ही तो महिनाभर शोधत होती आणि संशय माझ्यावर होता. वाडग्याखाली घडी घातलेलं पांढरं फडकं, आणि फडक्यावर ती साउंड कार्डाची हिरवी पट्टी.

कपाटामागे टाकलेली नाही, खिडकीतून फेकलेली नाही. दारातून येणाऱ्याला पहिली दिसेल अशी. दुसऱ्याची वस्तू लपवायची कशी, हे त्या हातांना माहीतच नव्हतं.

"बाबा."

"हं."

"झालं का?"

"बघायला ठेवलंय."

"झालं काय होतं त्याला?"

त्यांनी भिंग काढलं. बराच वेळ फडक्यानं पुसलं. "धूळ होती," म्हणाले.

"किती दिवस लागतील?"

"आठवडा."

भिंतीवरची घड्याळं आपापल्या वेळा सांगत होती. काहींच्या मते परीक्षा होऊनही गेली होती. तिनं मोबाइल बघितला. मला वाटलं, आता ही वाडगा उचलणार, नाहीतर किंचाळणार. मी तर दोन्हीची तयारी ठेवून दाराच्या जवळ सरकलो. पण तिनं स्टूल ओढलं आणि टेबलाच्या पलीकडे बसली, पूर्वी दुकानात गिऱ्हाइकं बसत तशी.

"तुम्हीच बसवा ते. मी बसवलं तर वाकडं बसेल."

"आणि नाही बसवलं तर?"

"तर मी हेडफोन काढून इथंच बसेन, बाबा. रोज. तुमची घड्याळं ऐकत."

हे ती चिडून म्हणाली असती तर त्यांनी ऐकून सोडून दिलं असतं. ती साधंच म्हणाली, उद्या पाणी येणार नाही असं सांगावं तसं. घड्याळजींनी तिच्याकडे बघितलं. भिंग नसताना त्यांना समोरचं धड दिसत नाही, म्हणून वाकून, अगदी जवळून बघितलं. मग वाडगा उचलला.

चहाचा कप त्यांच्या हातात बशीवर नाचतो. पण बारका पेचकस हातात आला की तोच हात दगडासारखा स्थिर होतो, हे मी कितीदा पाहिलंय. आम्ही तिघं आतल्या खोलीत शिरलो. दार लागावं म्हणून मला श्वास सोडून ठेवावा लागला. वीज बंद करून ते टेबलाखाली गेले. गुडघे वाजले, धुळीनं खोकला आला. "उजेड," ते आतून म्हणाले, मी धरला. "हलतोय." मी धरायचा तसाच धरला. मग एक छोटासा, भरलेला आवाज आला: टक्. ओठ नीट मिटावेत तसा.

कॉम्प्युटर चालू केला. कोपऱ्यातली फुली नव्हती. यंत्रानं सुरुवातीला चार सूर वाजवले, आणि कानसेननं डोळे मिटून घेतले. मग हेडफोन चढवला आणि आम्हाला हातानंच बाहेर व्हा म्हणाली.

परीक्षा चालू असताना मी घड्याळजींसमोर बसलो. खरं सांगायचं तर पहारा द्यायला. त्यांच्या हातात चिमटा होता, समोर पेला होता. चिमटा पेल्याच्या काठापर्यंत जायचा आणि परत यायचा. त्यांना तहान लागली होती. ओठ सुकलेले दिसत होते. मी पाणी आणून दिलं तर प्यायले नाहीत.

"आता काय ऐकत असेल हो ती?" त्यांनी विचारलं.

"कुणीतरी पाण्याचा घोट घेत असेल," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. त्यांना तो विनोद माहीत नव्हता. इतकी वर्षं शेजारच्या खोलीत बसून ती काय काय ऐकते ते तिनं मला सांगितलं होतं, माझ्या हिला सांगितलं होतं. त्यांना सांगायला कधी टिंगमधून वेळच मिळाला नव्हता.

काही दिवसांनी संस्थेचा फोन आला. ती वाटेत उभी राहून बोलत होती, त्यामुळे या वेळी मला दाराला कान लावावा लागला नाही, नुसतं दाराशी उभं राहावं लागलं. निवड झाली होती. लवकर या म्हणत होते. माझ्या तोंडावर हसू आलं, मी आत वळून आमच्या हिला खूण केली, आणि तेवढ्यात कानसेन फोनवर म्हणाली,

"हो. हो, येईन. पण अजून आठवडा लागेल."

आमची ही हातातलं काम टाकून माझ्याकडे बघायला लागली. त्या घरातला आठवडा केवढा असतो ते आम्हा दोघांना ठाऊक होतं. वाटेत ती फोन हातात धरून उभीच होती. आतून टिंग झालं. ती गेली. दार लागलं.

खरं तर ही गोष्ट इथंच संपायची. असल्या गोष्टी इथंच संपतात.

दुसऱ्या दिवशी ती भाजीला गेलेली असताना आमच्या दारावर थाप पडली. उघडून बघतो तर घड्याळजी. एकटे, भिंतीला धरून. चार पावलांची वाट, पण ते ती ओलांडून आमच्याकडे आल्याचं मला आठवत नाही; जायचो तो मीच. एका हातात आमचा काचेचा वाडगा, त्यात फडकं, आणि फडक्यावर माझं घड्याळ.

"घ्या. तयार आहे."

"टिकतंय का?"

"केव्हाचंच टिकत होतं." ते दम घ्यायला थांबले. "कपाटातली सगळ्यांची देऊन टाकतोय. खालच्या मजल्यावरचं एक आहे, ते तेवढं तुम्ही पोचवा. मला जिना..." मग मान दुसरीकडे वळवून म्हणाले, "काल ती आठवडा म्हणाली ना? मी ऐकलं. तिला कान माझेच आहेत." आणि जाता जाता, भिंतीशी बोलल्यासारखं, "टेबल खाली उतरवायला माणसं किती लागतात हो? तुम्हाला धरून?"

मी म्हटलं, मला धरून पाच, मला न धरता तीन.

संध्याकाळी कानसेन पिशवी घेऊन वर आली. माझ्या मनगटाकडे तिची नजर गेली आणि ती पायरीवरच थांबली.

"दिलं?"

"दिलं. आणि टेबलाला माणसं बघायला सांगितलंय."

किल्ली हातात घेऊन आपल्याच दाराशी इतका वेळ उभी राहिली की आतून घड्याळजींना खोकून दाखवावं लागलं. मग आत गेली, दार लावलं. मी लगेच वाट ओलांडली आणि दाराला कान लावला. आमच्या हिनं मागून सदरा ओढला; मी लक्ष दिलं नाही. आतून काही ऐकू येईना. बोलणं नाही, रडणं नाही, टिंगसुद्धा नाही. आवाजाचं कुठलंही साधन सापडत नव्हतं.

मग दाराच्या अगदी पलीकडून तिचा आवाज आला.

"काका, तुमचं घड्याळ ऐकू येतंय. दारापासून बाजूला व्हा. मला त्या संस्थेला फोन करायचाय, सोमवारी आम्ही दोघं येतो म्हणून."